खालून मोजायचं, शून्यापासून

आमच्या लोअर परळच्या राउटरमधलं एक लाइन कार्ड, म्हणजे ग्राहकांच्या इंटरनेट लाइन्स जिथे जोडतो ती उपसता येणारी फळी, जूनच्या शेवटी आजारी पडलं. सरळ मेलं असतं तर बरं झालं असतं. हे मरत नव्हतं, दर दोन-तीन दिवसांनी स्वतःहून रिबूट होत होतं. लॉगमध्ये मेमरीच्या पॅरिटी एररची, म्हणजे साठवलेली माहिती बिघडल्याच्या नोंदींची, रांग. त्यावरचे ग्राहक काही मिनिटं गायब व्हायचे, परत यायचे आणि मग फोन करून आमचा उद्धार करायचे. राउटर बनवणाऱ्या कंपनीकडे केस टाकली. त्यांनी आठवडाभर लॉग मागवले, तेच लॉग परत मागवले, आणि अखेर बदली कार्ड पाठवलं.

तोवर मी एसएफपी (फायबर जोडायचे छोटे मॉड्यूल) बदलले होते, पॉवर सप्लाय बदलले होते. चालू राउटरमधलं अख्खं लाइन कार्ड कधी उपसलं नव्हतं. करता येतं, तशीच रचना असते. सिस्कोवाले त्याला ओआयआर म्हणतात, बाकी दुनिया हॉट स्वॅप. पण हॉट स्वॅप या शब्दाने बऱ्याच जणांचा घात केलाय. त्याचा अर्थ ‘चालू असताना वाट्टेल तेव्हा ओढा’ असा नाही. ‘बाकीचा राउटर चालू राहील, या कार्डाला मात्र आधी रीतसर निरोप द्या’ असा आहे.

बरोबर अण्णा होते. वयाने माझ्या मोठ्या भावाएवढे, पण सगळा विभाग त्यांना अण्णाच म्हणतो. गाव राजापूरकडचं, बोलणं कमी. टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून हात काळे केलेला माणूस. चेंज विंडो, म्हणजे बदल करायला दिलेली वेळ, मिळाली शनिवारी रात्री १ ते ४. आमच्याकडे शेअर दलालांच्या बऱ्याच लाइन्स आहेत, त्यामुळे सोमवारी सव्वानऊला बाजार उघडायच्या आत काहीही झालं तरी सावरायला एक रविवार हाताशी हवा, हा जुना नियम.

खरं काम शनिवारी दुपारीच सुरू झालं, घरी, डोंबिवलीत, जेवणानंतर लॅपटॉप मांडून. आजारी कार्डावर कोण कोण बसलंय याची यादी काढायला घेतली. सोळा पोर्ट, त्यातले अकरा चालू. यादी करता करता एका ठिकाणी घशाला कोरड पडली. एका मोठ्या ग्राहकाला आम्ही दोन लिंकचा बंडल दिलेला, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. दोन्ही लिंक याच कार्डावर! कागदावर दुहेरी व्यवस्था, प्रत्यक्षात दोन्ही अंडी एकाच टोपलीत. हे कोणी केलंय म्हणून जुन्या चेंजची नोंद उघडून बघितली, तर करणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव. दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हा दुसऱ्या कार्डावर पोर्ट रिकामा नव्हता, नंतर झाला, आणि मी विसरलो.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं आज कळलं. एक पाय शेजारच्या स्लॉटवर टाकून घे. साइटवरच्या पोराला सांग.” संध्याकाळी सहाला बंडलचा एक पाय आजारी कार्डाच्या स्लॉट २ वरून (स्लॉट म्हणजे कार्डाची फट) शेजारच्या स्लॉट १ वर गेला. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

रात्री साडेअकराला आम्ही इमारतीत शिरलो. जुन्या गिरणीच्या आवारात उभी राहिलेली काचेची इमारत, बाहेर गुडघाभर नाही पण घोटाभर पाणी. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, लॅपटॉपचा नंबर. रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे स्टॅटिकसाठीचा मनगटाचा पट्टा, तिथलाच घ्यायचा, त्याचीही वेगळी सही. सिक्युरिटीवरचे मामा प्रत्येक सही बोट ठेवून तपासतात, अगदी पासपोर्ट ऑफिससारखी.

पहिली चूक मी तिथेच केली. बदली कार्ड दोन दिवस आधी येऊन आतल्या थंड खोलीतल्या कपाटात पडलेलं. आत टेबल नाही, म्हणून खोका उचलून मी बाहेर पॅसेजमधल्या टेबलावर आणला आणि कटरने टेप कापायला घेतली. अण्णा मागून म्हणाले, “चष्मा बघ तुझा.” काचांवर वाफ धरली होती. बावीस अंशांच्या खोलीतून जुलैच्या दमट हवेत आलो की धरतेच, रोजचंच आहे, पुसायचा आणि पुढे जायचं. “तेच आता त्या कार्डावर धरेल. आणि ते पुसता येणार नाही.” खोका तसाच बंद उचलून आत नेला आणि पिशवी आतच उघडली. बाहेरच्या गरम हवेतून थंड खोलीत आणलेल्या वस्तूला हा धोका नसतो, थंडातून दमट हवेत गेलेल्या वस्तूला असतो. ही मुंबईतली गोष्ट परदेशात लिहिलेलं मॅन्युअल इतक्या कळकळीने सांगत नाही.

स्टॅटिकबद्दलही आपल्याकडे हेच. ‘मुंबईत कुठलं आलंय स्टॅटिक, इथे हवा पिळली तर पाणी निघतं.’ बाहेर खरंय. पण आतली हवा एसीने कोरडी केलेली असते, आणि अंगात पॉलिएस्टरचा शर्ट, पायात रबरी तळ. आपल्याला बोटाला चटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे. काही चिपांना शंभर व्होल्टसुद्धा जड जातात. म्हणजे आपल्याला काही न जाणवताच त्यांचा निकाल लागलेला असतो. त्यातही वाईट म्हणजे कार्ड लगेच मरत नाही. नुसतं जखमी होतं, आज चालतं आणि तीन महिन्यांनी कारण न सांगता जातं. मग आपण पॅरिटी एररचे लॉग चिवडत बसतो. म्हणून मनगटाला पट्टा, पट्टा उघड्या कातडीला टेकलेला, बाहीवरून नव्हे, आणि त्याची वायर चेसिसवरच्या, म्हणजे राउटरच्या सांगाड्यावरच्या, ईएसडी (स्टॅटिक उतरवायच्या) पॉइंटमध्ये. वायरमध्ये दहा लाख ओहमचा रेझिस्टर असतो. चुकून हात जिवंत विजेला लागलाच तर पट्ट्यामधून जाणारा करंट रोखायला.

एक वाजता एनओसीला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या आमच्या कंट्रोल रूमला, फोन लावला. पलीकडे रात्रपाळीची मुलगी, नवी, पण आवाजात घाई नाही. आधी कॉन्फिगचा बॅकअप राउटरबाहेर. मग ट्रॅफिक हलवायला घेतलं.

हा भाग रेल्वेच्या प्रवाशाला समजावावा लागत नाही. रविवारचा मेगाब्लॉक. माटुंगा ते मुलुंड धिम्या मार्गावर काम असलं की लोकल आधी जलद मार्गावर वळवतात, रूळ मोकळा होतो, मग गँगमन उतरतो. गाडी रुळावर असताना कोणी फिशप्लेट काढायला जात नाही. तसंच स्लॉट २ मधल्या आमच्या आतल्या लिंकची ओएसपीएफ कॉस्ट (राउटर रस्ता निवडताना बघतो तो आकडा) ६५,५३५ केली, म्हणजे ‘दुसरा रस्ता असेल तर इकडे येऊच नका’. बीजीपीच्या शेजाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्याशी आमचा राउटर रस्त्यांची देवाणघेवाण करतो त्यांना, ग्रेसफुल शटडाउनची, म्हणजे ‘बंद होतोय, ट्रॅफिक दुसरीकडे न्या’ अशी खूण पाठवली. २०१८ मध्ये ती प्रमाण झाली, ६५५३५:० अशी कम्युनिटी, म्हणजे रस्त्याला लावलेली चिठ्ठी, असते, पण समोरच्याने ती मानायचं ठरवलेलं असावं लागतं. आमच्या एका शेजाऱ्याने ठरवलेलं नव्हतं, त्याचं सेशन हाताने बंद केलं. मग नुसतं बघत बसायचं. ग्राफ खाली येतो, पण लगेच नाही. गिगाबिटातून मेगाबिटात, मेगाबिटातून किलोबिटात. ज्या दोन ग्राहकांना एकच लिंक होती त्यांना बुधवारीच मेल गेला होता, ते आत्ता बंद राहणारच होते. बाकी पोर्टांवर नुसती कुजबुज उरली तेव्हा पावणेदोन झाले होते.

“सर, स्लॉट दोन ऑफलाइन करू?”

“कर.”

तिने कमांड दिली. वीसेक सेकंदांनी म्हणाली, “ऑफलाइन दिसतोय सर.” मी म्हटलं, ठीक, आणि फायबर काढायला हात पुढे केला.

हे चेसिस म्हणजे आठ आडव्या फटींचं कपाट. खालच्या दोन फटींत कंट्रोलची कार्डं, वर सहा लाइन कार्डं. समोरून पिवळ्या पॅच कॉर्डांच्या एवढ्या बटा लोंबत असतात की पाटीवरचे आकडे झाकले जातात. मी खालची दोन सोडून वर मोजलं: एक, दोन. दुसऱ्या लाइन कार्डातल्या पहिल्या कॉर्डच्या टोकाला चिमटा घातला.

“कुठली काढतोयस?” अण्णा.

“दोनमधली.”

“टॅग वाच.”

कॉर्डच्या मानेवरची पांढरी पट्टी वळवून टॉर्च मारला. १/०/३, म्हणजे स्लॉट १. संध्याकाळी सहाला हलवलेला बंडलचा पाय. त्या ग्राहकाचा त्या क्षणी उरलेला एकमेव पाय.

स्लॉट शून्यापासून मोजतात, खालून वर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. पण रात्री पावणेदोनला, फॅनच्या घरघरीत, हाताने घरातल्या हिशोबानेच मोजलं. एक, दोन. शून्य कोण मोजतं?

मी हात खाली घेतला. अण्णा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी बटा बाजूला सारून दाखवलं: मी हात घातलेल्या कार्डाचा दिवा हिरवा, त्याच्या वरच्या कार्डाचा विझलेला. विझलेलं तेच आपलं. एवढंच बघायचं होतं आणि मी ते बघितलं नव्हतं. पलीकडून ‘ऑफलाइन दिसतोय’ ऐकून गाडी सुटली होती. मग अण्णांनी शिकवल्याप्रमाणे केलं. डावा हात विझलेल्या कार्डावर सपाट ठेवला, उजव्याने टॉर्च, आणि फोनवर मोठ्याने वाचलं: कार्डाच्या पाटीवरचा सिरियल नंबर, शेवटचे चार आकडे. तिने तिच्या स्क्रीनवरून स्लॉट २ चे आकडे वाचले. जुळले. हात तिथून हलवायचा नाही, दुसऱ्याने कॉर्ड काढायच्या. हात उचलला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

आधी फोटो. मग एकेक कॉर्ड, टॅग वाचून, काढल्या काढल्या टोपी. टोपी तिच्या टोकालाही आणि एसएफपीलाही. सुटलेल्या टोकात डोकावून ‘लाइट येतोय का’ बघणारे लोक मी पाहिलेत. १३१० नॅनोमीटरचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, इजा मात्र करू शकतो. मीटर असतो त्यासाठी.

कार्ड निघालं सहज. दोन्ही बाजूंचे स्क्रू ढिले केले. हे स्क्रू कार्डालाच अडकून राहतात, खाली पडून चेसिसमध्ये हरवत नाहीत, ज्याने हे सुचवलं त्याला पुण्य लागो. मग दोन्ही टोकांच्या दांड्या एकाच वेळी बाहेर. एक आधी, एक नंतर केली की कार्ड तिरकं होतं. दांड्या पूर्ण उघडल्या तेव्हा मागून ‘टक्’ असा दबका आवाज आला, बॅकप्लेनने (सगळी कार्डं जिला जोडतात त्या मागच्या पाटीने) हात सोडल्याचा. मग ओढायचं, पाव भागावर थांबायचं, तळहात खालून लावायचा आणि दोन्ही हातांवर बाहेर घ्यायचं. सात-आठ किलो असेल. अजून गरम होतं. पुस्तकातल्या चित्रात माणूस ते पोळपाटासारखं धरतो. प्रत्यक्षात नुकत्याच झोपलेल्या मुलाला गाडीतून उचलतो तसं धरलं जातं.

मी लगेच नवं कार्ड उचलायला वळलो तर अण्णांनी टॉर्च रिकाम्या फटीत मारला आणि मला वाकायला लावलं. आत खोलवर बॅकप्लेनच्या पिनांची रांग, कंगव्याच्या दातांसारखी. एकही वाकडी नको, मध्ये काही अडकलेलं नको. पूर्वी एका ठिकाणी त्यांच्या डोळ्यांदेखत एकाने कार्ड तिरकं घातलं, जात नाही म्हणून छातीने ढकललं, आणि तीन पिना मोडल्या. कार्ड बदलता येतं. पिना चेसिसच्या असतात. त्या रात्री अख्खं चेसिस रिकामं करून बदलावं लागलं, बारा तास लागले, आणि छातीने ढकलणारा माणूस पुढच्या महिन्यात विम्याच्या धंद्यात गेला म्हणे.

आत बघायला आम्ही फार वेळ घेतला नाही. फट उघडी असली की फॅनची हवा तिथूनच पळते आणि बाकीची कार्डं तापतात. स्लॉट जास्त वेळ रिकामा राहणार असेल तर कोरी पट्टी लावायचीच. ती पट्टी शोभेची नसते, जरी बहुतेक ठिकाणी ती हरवलेलीच असते.

नवं कार्ड खाचांत बसवलं. आत जाताना त्याला स्वतःचा रस्ता असतो, आपण फक्त मागे असायचं. दोन्ही खाचांत सारखी घसरण लागली पाहिजे. एका बाजूला कुरकुरलं तर बाहेर काढून पुन्हा. शेवटचे दोन सेंटिमीटर दांड्यांनी आत घ्यायचे, हाताने नाही. दोन्ही एकदम मिटल्या. स्क्रू बोटांनी, मग स्टारच्या स्क्रूड्रायव्हरने, आवळून, पण पिळून नाही. दिवा लुकलुकायला लागला. घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं. काढण्यापासून घालण्यापर्यंत धरून दहा मिनिटंही गेली नव्हती.

आणि मग कार्ड वर येईना. लुकलुकतंय, थांबतंय, परत पहिल्यापासून. एनओसीवरून ती म्हणाली, “सर, फर्मवेअर जुनं दिसतंय.” कुठल्या गोदामात किती दिवस पडून होतं देव जाणे. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर. त्याची नवी इमेज राउटरमध्ये होतीच, अपग्रेड सुरू केलं. परत फिरायची वेळ आम्ही सव्वातीन ठरवली होती. तोवर उभं राहिलं नाही तर जुनं आजारी कार्ड परत. ते रिबूट होत असलं तरी दोन दिवस चालत होतं, हे विसरायचं नसतं. म्हणून जुनं कार्ड पिशवीत, पण हाताशी. अण्णा खुर्चीवर डोळे मिटून बसले. मी टक्क्यांचा आकडा बघत उभा. ६१ वर तो इतका वेळ थांबला की मी कुलदैवतापर्यंत पोचलो.

दोन पंचेचाळीसला दिवा स्थिर हिरवा. फायबर एकेक करून, फोटो आणि टॅग दोन्ही बघून लावले. एक पाय संध्याकाळीच हलवला होता, उरलेल्या दहातले नऊ वर आले. दहावा मेलेला. रिसीव्हचा उजेड बघितला तर उणे २१ डीबीएम (उजेडाचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). दहा गिगच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) एसएफपीला निदान उणे १४.४ लागतो. एसएफपी बदलायचा मोह झाला, पण आधी टोक पुसलं. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा, केस साधारण ७०चा. तिथे धुळीचा एक कणही पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. क्लीनर पेन लावला, एकदा ‘टिक्’. उणे ४.६. टोपी मी काढल्या काढल्या लावली होती याची मला शपथ घेता येते, पण टोपीच्या आत काय होतं याची नाही.

ट्रॅफिक परत आणताना उलट क्रम. एकदम नाही. आधी आतली लिंक, दहा मिनिटं सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा शून्यावर आहे ना ते बघायचं, मग शेजारी, मग बाकी. सव्वातीनची वेळ आम्हाला न विचारता निघून गेली. तीन चाळीसला एनओसीने चेंज यशस्वी म्हणून बंद केला. नव्या कार्डाचा सिरियल नंबर यादीत टाकला, जुनं कार्ड नव्याच्या खोक्यात भरलं.

फॅन ट्रेही त्याच रात्री बदलायचा असं माझ्या मूळ चेंजमध्ये होतं. अण्णांनी तो परिच्छेद गुरुवारीच खोडला होता. तो आम्ही दोन शनिवारनंतर केला, आणि त्यात सांगण्यासारखं एवढंच की नवा ट्रे खोक्यातून काढून शेजारी ठेवल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, कारण तो निघाल्यावर राउटर तापायला फार वेळ घेत नाही. आणि बाहेर आल्यावरही पाती थोडा वेळ फिरतच असतात, तिथे बोटं नकोत.

बाहेर पडलो तेव्हा पाऊस जोरात होता. मामा खुर्चीतच पेंगत होते, आम्ही रजिस्टरमध्ये बाहेर जायची वेळ टाकली आणि रेनकोट चढवून निघालो. लोअर परळहून पहाटेची लोकल, दादरला उतरून मला मध्य रेल्वे पकडायची होती, अण्णांना फुलं घ्यायची होती. बाजार जागा होता, ओल्या झेंडूच्या पाट्या, दिव्यांखाली वाफाळता चहा. मी पैसे द्यायला हात पुढे केला तसा फुलवाला म्हणाला, “दादा, हातात काय बांधलंय? बीपीचं मशीन?”

रेनकोटच्या बाहीतून निळा पट्टा डोकावत होता. गुंडाळी वायर मी सवयीने खिशात कोंबलेली.

अण्णा हार पिशवीत ठेवता ठेवता म्हणाले, “रजिस्टरमध्ये परतीची सही नाही तुझी.”

दादर, प्रभादेवी, लोअर परळ. दोन स्टेशनं उलटी, परत त्याच पाण्यातून. मामा एव्हाना जागे झाले होते.